खाली करंट आहे, असं मी म्हणाले

माझ्या नोकरीबद्दल आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत नीट काही कळलं नाही. "सूनबाई तळोज्याला गॅसच्या कंपनीत आहे," असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या आणि समोरची बाई हमखास विचारायची, "मग तुम्हाला सिलिंडर लवकर मिळत असेल, नाही?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढे पुढे नुसतंच "हो" म्हणायला लागले.

आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आहेत आणि हाताशी वेळ आहे, तर एकदा नीट सांगते.

घरात दिव्याचं बटण बंद करताना कधी कधी आत बारीक ठिणगी दिसते. कारखान्यात किंवा सबस्टेशनमध्ये हजारो व्होल्टचा प्रवाह तोडायचा असतो. तिथली ठिणगी बारीक नसते. ती ज्वाळ असते, आणि तिला विझवलं नाही तर ती तांबंसुद्धा वितळवते. म्हणून तो मोठा स्विच, ज्याला ब्रेकर म्हणतात, एका बंद टाकीत बसवतात आणि टाकीत एक गॅस भरतात. हा गॅस ती ज्वाळ विझवतो. त्याचं नाव सल्फर हेक्झाफ्लोराइड. आम्ही सगळे त्याला एसएफ-सिक्स म्हणायचो. मधे गंधकाचा एक अणू आणि त्याच्या चहूबाजूंनी फ्लोरिनचे सहा. फ्लोरिन एकटा असला तर मुलखाचा तापट, काचही खातो. पण गंधकाशी असा सहा अंगांनी जोडला गेला की इतका शांत होतो की त्याला रंग नाही, वास नाही, तो जळत नाही, कशाशी भांडत नाही. आणि हवेच्या पाचपट जड. माशांच्या काचेच्या टाकीत हा गॅस ओतला आणि वर अॅल्युमिनियमच्या फॉइलची होडी ठेवली तर ती अधांतरी तरंगते. नवीन लोकांना शिकवताना मी हा प्रयोग दाखवायचे. मोठमोठी माणसं टाकीवर वाकून दोरा शोधायची.

पनवेलच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन पास झाले आणि तळोज्यात ब्रेकर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागले. काम हे, की ब्रेकरमधला गॅस तपासायचा. त्यात ओल किती, शुद्धता किती, आत काही जळलंय का. आमची गाडी तळोजा, पाताळगंगा, न्हावा शेवा असं सगळीकडे फिरायची. गाडीत मी, माझी यंत्रं आणि दोन फिटर. मोठे फिटर गणपतभाऊ. पनवेल-उरण पट्ट्यातल्या गावातले, वडिलांची मिठागरं होती. मला ते 'बाय' म्हणायचे. बाकी सगळ्यांची मी मॅडम.

पहिल्याच महिन्यात गणपतभाऊंनी मला जो धडा दिला तो कुठल्या पुस्तकात नव्हता. एक ब्रेकर आत जळाला होता. मी उत्साहाने टाकीच्या झाकणापाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी हाताला धरून मला मागे ओढलं.

"बाय, शांत मानूस बी एकदा जालला का मंग तो पयला मानूस नसतो," ते म्हणाले.

झाकण उघडलं तेव्हा कळलं. विजेच्या ज्वाळेत हा गॅस फुटतो. बराचसा पुन्हा जुळतो, पण जो जुळत नाही त्याचे विषारी प्रकार होतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि टाकीच्या तळाशी पांढरट राखाडी भुकटी बसते. कातडीला लागली की आग होते, ओल मिळाली तर आम्ल तयार होतं. गणपतभाऊ मास्क आणि हातमोजे घालून उतरले, सगळी भुकटी मशीनने ओढून घेतली, सोड्याच्या पाण्याने टाकी पुसली. मी बाहेर उभी राहून पाहिलं आणि त्या दिवसापासून झाकण उघडताना वाऱ्याची दिशा बघायला शिकले.

चुकाही केल्या. एकदा ऐन पावसाळ्यात मी एका कारखान्याचा ब्रेकर नापास केला. गॅसमध्ये ओल फार, चालू करू नका. त्यांचं काम दोन दिवस बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ओल गॅसमध्ये नव्हतीच. मी घाईत साधी रबरी नळी लावली होती आणि रबर बाहेरची दमट हवा आत झिरपू देतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ते स्पंजच. स्टीलची नळी लावली आणि ब्रेकर पास झाला. मी तिथल्या मॅनेजरची माफी मागितली. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "मॅडम, नापासाचा पास झाला, उलटं नाही झालं, हे काय कमी आहे?" आणि आनंदाच्या भरात त्यांनी ब्रेकरवरच नारळ फोडला. नारळाचं पाणी थेट मी नुकत्याच पुसून कोरड्या केलेल्या जोडावर. मी पुन्हा सगळं पुसलं आणि पुन्हा तपासलं. गणपतभाऊ तोवर प्रसादाचं खोबरं खात बसले होते.

पण हे सगळं लिहायला बसले ते एका दिवसासाठी. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली.

तळोज्यातल्याच एका कारखान्यात काम होतं. स्विचगिअरची, म्हणजे ब्रेकर बसवलेली खोली, जमिनीत केबल नेण्यासाठी पुरुषभर खोल चर, ज्याला सगळे ट्रेंच म्हणतात. दुसरा फिटर तेव्हा अनंत होता. पस्तिशीचा, हसरा, आपटा गावचा. गणपतभाऊंची धाकटी बहीण सुगंधा त्याला दिलेली. नोकरीलाही गणपतभाऊंनीच लावलेला.

ब्रेकर बंद केला होता, त्याच्या फीडरच्या, म्हणजे विजेच्या त्या लाइनच्या, केबलला अर्थिंग लावलं होतं, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाईल. आम्ही सकाळपासून गॅस भरत होतो. जेवणाच्या आधी मी काटा बघितला तर दाब जेवढा वाढायला हवा तेवढा वाढत नव्हता. गॅस कुठेतरी जात होता. नळी ट्रेंचच्या कडेने गेली होती आणि तिचा एक जोड आत लोंबत होता. शेजारच्या हॉलमधल्या कॉम्प्रेसरच्या आवाजात कुठे फुस्स होतंय ते ऐकू येणं शक्य नव्हतं.

मी वहीत आकडे लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "अनंत, खाली जाऊन बघ रे, तो जोड सैल आहे का."

हे वाक्य मी म्हणाले. ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र माझ्या बॅगेत, माझ्या पायापाशी होतं. हवेच्या पाचपट जड गॅस सकाळपासून गळत असेल तर तो कुठे साठेल हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तरी मी मान वर केली नाही.

अनंत शिडीने उतरला. सैल जोड त्याला दिसला असावा, कारण "हाय, हाय, सापडला," असं तो म्हणाल्याचं मी ऐकलं. मग पाना पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

मी बॅग उचलून धावले. कडेला पोचताच बॅगेतलं यंत्र किंचाळायला लागलं. खाली अनंत केबलच्या रॅकला टेकून बसल्यासारखा घसरला होता, मान कलंडलेली.

गणपतभाऊ दुसऱ्या बाजूने आले. त्यांनी एकदाच खाली पाहिलं आणि शिडीवर पाय टाकला.

"थांबा! गॅस आहे खाली!" मी ओरडले.

"स्वास धरतंय मी."

"नाही धरता येणार. ओढायला ताकद लागते, श्वास घ्यावाच लागेल!"

मी त्यांचा शर्ट पकडला. त्यांनी हात झटकला, माझा चष्मा उडून पडला. ते दुसऱ्या पायरीवर होते. हा गॅस विषारी नव्हता, तो फक्त हवेची जागा घेऊन बसला होता, आणि दिसत नव्हता. न दिसणाऱ्या गोष्टीला घाबरायला वेळ लागतो. तेवढा वेळ नव्हता. पण गणपतभाऊ आयुष्यभर विजेत काम केलेला माणूस. मी म्हणाले,

"दुसऱ्या फीडरची केबल आहे खाली! चालू आहे! खाली करंट आहे!"

ते थांबले. एक पाय दुसऱ्या पायरीवर, हात कडेवर. मी त्यांचा चेहरा पाहिला. तो इथे लिहू शकत नाही.

पुढचं सगळं दोन-तीन मिनिटांत झालं असेल. गाडीतला ब्लोअर मी आणि कारखान्याच्या ऑपरेटरने ओढत आणला, त्याची जाड नळी तळापर्यंत सोडली आणि बाहेरची हवा आत मारायला लागलो. कारखान्याचा फायरमन पाठीवर हवेची बाटली, तोंडावर मास्क लावून आला, खाली गेला, अनंतच्या काखेतून दोर बांधला. वरून दोर गणपतभाऊंनी ओढला. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. अनंत वर आला तेव्हा ओठ निळे होते. फायरमनने छाती दाबली, तोंडाने हवा दिली. मग अनंत खोकला.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला. तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. डोकं दुखतंय, एवढीच तक्रार. रॅकला टेकल्यामुळे त्याचं तोंड थोडं वर राहिलं होतं, तिथे थोडी हवा उरली होती, असं डॉक्टर म्हणाले. तळाला आडवा पडला असता तर हे लिहायची माझी हिंमत झाली नसती.

अहवाल लिहायची वेळ आली. आमचे सर्व्हिस मॅनेजर समजूतदार आवाजात म्हणाले, "'कामगार परवानगी न घेता ट्रेंचमध्ये उतरला', असं लिहा ना. कुणाचं काही बिघडत नाही. तो बरा आहे, कामावरही राहील."

"परवानगी मीच दिली होती, सर."

"लेखी नव्हती ना?"

मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुला झोप कशाने लागेल ते लिही." मी लिहिलं : 'ट्रेंचमधली हवा न तपासता मी त्याला उतरायला सांगितलं.' त्यावर सही केली. मला वर्षभर साइटवर जायला बंदी झाली, लॅबमध्येच बसायचं. शिक्षा योग्यच होती. त्याच अहवालामुळे आमच्याकडे नियम आला, की ऑक्सिजनचं यंत्र आधी खाली सोडायचं, मग माणूस. मला वाटतं, माझ्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगी लिखाण तेच.

तीनेक आठवड्यांनी गणपतभाऊ लॅबमध्ये आले. हातात त्या कारखान्याच्या नकाशाची गुंडाळी होती. त्यांनी ती टेबलावर पसरली.

"बाय, त्या ट्रेंचमदी एकाच फीडरची केबल हाय. तिला अर्थिंग मीच लावलेला."

"हो."

"मना आधी कललाच नाय. मंग इचार केला, करंट होता तर कुनी बंद न करता फायरवाला उतरला कसा? त्या दिवशी तुमाला म्हायीत होता?"

"होतं. खाली करंट नव्हता, गणपतभाऊ. पण तुम्ही उतरला असता तर दोघं..."

"त्ये मना सांगू नका. त्ये मना कलतं." ते नकाशाकडेच बघत होते. "तुमी गॅस हाय बोल्लाव, मी उतरत व्हतो. करंट बोल्लाव, आनी माजे पाय थांबले. माजा मेवना खाली पडलेला, माज्या बहिनीचा नवरा, आनी माजे पाय थांबले. मी असा हाय, ह्ये मना म्हायीत नव्हता. तुमी कशाला दाखवलाव?"

त्यांनी नकाशा पुन्हा गुंडाळला, रबरबँड लावला आणि गेले.

त्यानंतर आम्ही दहा वर्षं एकत्र काम केलं. मी साइटवर परत गेले तेव्हा पहिल्या दिवशी गाडीत त्यांनी माझी यंत्रं स्वतः चढवली. कामात कधी कसूर नाही, बोलण्यात कधी उणा शब्द नाही. पण त्या दिवसाचा विषय निघाला की ते उठून हात धुवायला जायचे. अनंतला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. ती गोष्ट माझी नव्हतीच.

लॅबमधल्या त्या एका वर्षाने माझं एक भलंही केलं. वाचायला वेळ मिळाला. तोवर आम्ही ब्रेकर उघडायच्या आधी आतला गॅस सरळ हवेत सोडून द्यायचो. शांत गॅस, वास नाही, विष नाही, मग कुणाला काय त्रास? वाचलं तेव्हा कळलं की ज्या गुणामुळे तो आम्हाला आवडायचा तोच घातक. तो कशानेच मोडत नाही, म्हणून वर गेला की शेकडो, कदाचित हजारो वर्षं तिथेच राहतो, आणि उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त जोरकस. किती वेळा मी स्वतः व्हॉल्व्ह उघडला होता आणि चहा प्यायला गेले होते! ते परत आणता येणार नाही. पण मग मी मॅनेजरांच्या मागे लागून गॅस ओढून घेणारी, गाळून पुन्हा सिलिंडरमध्ये भरणारी मशीन आणायला लावली. ती यायला दोन वर्षं लागली. निवृत्तीपर्यंत मग आमच्या गाडीने जाणूनबुजून गॅस सोडला नाही. आता बिनगॅसचे, व्हॅक्यूमचे ब्रेकरही बसतायत. मी करत होते ते काम हळूहळू संपेल, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात अनंतने आपट्याला नदीच्या बाजूला घर बांधलं. वास्तुशांत आदल्या दिवशी झाली होती. आम्हाला बोलावणं दुसऱ्या दिवसाचं, म्हणजे मासे. सुगंधाने जिताड्याचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. ओटीवर चटया टाकल्या होत्या. गणपतभाऊ माझ्या समोर बसले होते. तेही निवृत्त झाले आहेत, पण तळोज्यात नव्या कंत्राटी लोकांना शिकवायला त्यांना बोलावतात.

जेवता जेवता अनंत हसत म्हणाला, "मॅडम, येवढी वर्सा झाली, पन मना कुनी सांगितलाच नाय. मी खाली पडलो त्या टायमाला वर काय चाल्ला व्हता?"

मी घास घेतला. मी बोलणार नव्हते.

"मी सांगतो," गणपतभाऊ म्हणाले.

त्यांनी सांगितलं. अगदी क्रमाने, साइटचा रिपोर्ट सांगावा तसं. पाना पडला, मी आलो, शिडीवर पाय टाकला, बायनी शर्ट धरला. "मंग बाय बोल्ल्या, करंट हाय. आनी मी थांबलो." भाकरीचा तुकडा हातात तसाच होता. "खोटा बोलल्या त्या. पन मी थांबलो त्ये खरा हाय. तू खाली व्हतास आनी मी थांबलो."

चुलीपाशी सुगंधाचा भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला. ती पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"दादा, बारा वर्सा ह्ये घेऊन बसला व्हतास तू?"

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"तू उतरला असतास तर दोगं गेलं असतंव. मंग मी कुनाच्या दारात जाऊन रडली असती?" तिचा आवाज चढला होता. "थांबलास म्हनून दोगं हाव. बरा केलास. आता जेव, निवतंय त्ये."

ती आत गेली. पुन्हा भाकरीचा थाप-थाप आवाज सुरू झाला. अनंतने स्वतःच्या ताटातला जिताड्याचा मोठा तुकडा उचलून गणपतभाऊंच्या ताटात ठेवला. त्यांनी तो खाल्ला. हळूहळू, काटे काढत, सगळा.

जेवणं झाल्यावर ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. नदीवरून वारा येत होता. दार उघडून देत म्हणाले, "बाय, तुमाला मी माफ नाय केलेला."

"माहितेय मला."

"बरा." दार त्यांनी धरूनच ठेवलं होतं. "फुडच्या सोमवारी नवी मानसा येनार हात शिकायला. गॅसचा तुमी सांगा, मना तेवढा जमत नाय. त्या दिवसाचा बी सांगा."

"सगळं?"

"सगला. तुमी बघितला नाय, आनी त्याला खाली धाडलाव, त्ये सांगा. खोटा बोल्लाव, त्ये सांगा." मग ते नदीकडे बघत म्हणाले, "आनी मी थांबलो, त्ये बी सांगा. नाव घेऊन सांगा. त्यातला येकजन तरी थांबल."